साडेचार खोल्यांत मावलेले जग

मॉन्ट्रियल हे नाव आपल्या बेटावरील घरांना आता परके राहिलेले नाही. कोणाचा भाऊ तेथे नोकरीला आहे, कोणाची मुलगी तेथे शिकते, कोणी निवृत्तीनंतर मुलाकडे जाऊन राहिले आहे. फ्रेंच भाषा अवगत असल्यामुळे आपल्या लोकांना ते शहर तितके अवघड वाटत नाही. पूर्वी पत्रे येत, मग दूरध्वनी आला, आणि आता रोज सायंकाळी मोबाईलच्या पडद्यावर आप्तांचे चेहरे दिसतात. पण त्या चेहऱ्यांच्या मागे जागा किती आहे, हे पडद्यावरून समजत नाही. डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही धाकट्या भावाकडे महिनाभर राहून आलो, तेव्हा ते समजले. त्या मुक्कामात घडलेली एक गोष्ट आणि तिच्यातून मिळालेला धडा वाचकांपुढे ठेवावा, म्हणून हा लेख.

मॉन्ट्रियलमध्ये घर मोजण्याची रीत मोठी गमतीची आहे. तेथे घर साडेतीन, साडेचार, साडेपाच असे सांगतात. ही अर्धी खोली कोणती, असे आम्ही विचारले, तेव्हा वहिनी हसून म्हणाली, "ताई, अर्धी म्हणजे न्हाणीघर!" स्वयंपाकघर, बैठकीची खोली आणि झोपण्याच्या खोल्या या एकेक पूर्ण, न्हाणीघर तेवढे अर्धे. भावाचे घर साडेचारचे, तीन मजली जुन्या इमारतीत मधल्या मजल्यावर. बाहेरून वळणावळणाचा लोखंडी जिना. जमीन लाकडी, त्यामुळे वरच्यांची पावले आपल्याला आणि आपली खालच्यांना ऐकू येतात. घरात भाऊ, वहिनी, त्यांचा तेरा वर्षांचा मुलगा आणि आमची आई. आम्ही गेल्यावर माणसे पाच झाली.

बेटावर मुलगा घरात कंटाळला की त्याला अंगणात हाकलता येते. मॉन्ट्रियलच्या डिसेंबरात सव्वाचारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि पारा शून्याखाली दहा-पंधरा अंश उतरणे ही तेथे नित्याची गोष्ट आहे. बर्फात खेळणारी मुलेही असतात, नाही असे नाही. परंतु शाळेतून परतेपर्यंत अंधार होतो, आई-बाप कामावर असतात आणि निसरड्या जिन्यावरून मुलाला एकटे पाठविण्याचे आजीला धैर्य होत नाही. मुलाचे हातपाय हलावेत म्हणून भावाने पैसे साठवून त्याच्या वाढदिवसाला एक यंत्र आणले होते. ते डोक्यावर चढवावयाचे असते. इंग्रजीत त्याला हेडसेट म्हणतात. घरातील मुलगा फ्रेंच शाळेतला, तो म्हणतो 'कास्क'. त्याने दाखविलेल्या जगाला म्हणतात व्हर्च्युअल रिॲलिटी, मराठीत आभासी वास्तव.

त्या संध्याकाळची गोष्ट

मुलाचा आवडता खेळ 'बीट सेबर'. प्राग शहरातील मंडळींनी २०१८ साली तो बाजारात आणला. संगीताच्या तालावर समोरून ठोकळे येतात आणि दोन्ही हातांतील प्रकाशाच्या तलवारींनी ते कापावयाचे. खेळणाऱ्याला घाम फुटतो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. व्यायाम म्हणून खेळ वाईट नाही.

आम्ही पोहोचल्याच्या चौथ्या दिवशी आई स्वयंपाकघरातून चहाचा कप घेऊन आपल्या खुर्चीकडे निघाली. बैठकीच्या मधोमध नातू खेळत होता. तो वळला, हात फिरविला, आणि तो हात आईच्या कोपराला लागला. कप पडला, गरम चहा तिच्या मनगटावर सांडला. ती खाली वाकली म्हणून बरे झाले, कारण मुलाला काहीच कळले नव्हते. कानांवर गाणे होते, डोळ्यांपुढे ठोकळे होते. आणखी दोन वार त्याने तिच्या डोक्यावरून केले. आमच्या ओरडण्याने तो थांबला. कास्क काढल्यावर त्याने जमिनीवरचा चहा पाहिला, मग आजीचे मनगट पाहिले, आणि तो जो गप्प झाला तो रात्री जेवलासुद्धा नाही.

भाजले थोडे होते, कोपर मात्र दोन आठवडे काळेनिळे राहिले. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई त्या जागी पडली असती तर काय झाले असते, हे सांगावयास डॉक्टर नको. भाऊ संतापून म्हणाला, "उद्याच्या उद्या हे विकून टाकतो." मुलाच्या तोंडून शब्द निघेना. तेव्हा आई म्हणाली, "विकायचे मग पाहा. आधी माझी वाट कोठून जाते ते पाहा."

ते वाक्य ऐकून आम्ही उठून पाहिले. स्वयंपाकघराच्या दारापासून आईच्या खुर्चीपर्यंत एकच वाट होती आणि ती नेमकी मुलाच्या खेळाच्या जागेतून जात होती. चार महिने तो तेथे खेळत होता आणि चार महिने ती तेथून जात होती. भेट होणारच होती. दोष मुलाचा म्हणावा तर त्याला दिसत नव्हते. आजीचा म्हणावा तर तिला चालण्यास दुसरी जागा नव्हती. आम्ही शिक्षकी पेशातले. वर्गात दोन मुले आदळली तर आधी बाक कसे मांडले आहेत ते पाहावे, असे प्रशिक्षण महाविद्यालयात आम्हाला शिकविले होते. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी भावाकडून मोजपट्टी मागून घेतली.

या शहराचा जुना छंद

मोजमापाचे सांगण्यापूर्वी थोडे या शहराविषयी. माणसाला बसल्या जागी दुसऱ्या जगात नेण्याचा छंद मॉन्ट्रियलला बराच जुना आहे. १९६७ साली येथे 'एक्स्पो ६७' हे जागतिक प्रदर्शन भरले. त्यात कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळाने 'लॅबिरिंथ' म्हणजे भूलभुलैया नावाचे दालन उभारले होते. अनेक पडद्यांवर एकाच वेळी चित्रे दाखवून प्रेक्षकाला चहूबाजूंनी वेढून टाकण्याचा तो प्रयोग होता. त्या प्रदर्शनात असे प्रयोग केलेल्या मंडळींपैकी काहींनी पुढे आयमॅक्स ही प्रचंड पडद्याची पद्धत निर्माण केली, आणि तिचा पहिला चित्रपट १९७० साली जपानमध्ये ओसाकाच्या प्रदर्शनात दाखविला गेला. त्याच १९६७ च्या प्रदर्शनासाठी मोशे साफ्दी या तरुण वास्तुशिल्पज्ञाने 'हॅबिटॅट ६७' ही वसाहत बांधली. काँक्रीटचे ३५४ डबे एकमेकांवर असे रचले की खालच्या घराचे छप्पर ते वरच्या घराचे अंगण झाले. जागा थोडी असली तरी मोकळे वाटावे, हा विचार या शहरात असा दोन्ही बाजूंनी झालेला आहे.

१९९५ साली शार डेव्हिस या कलावतीने मॉन्ट्रियलच्या समकालीन कला संग्रहालयात 'ऑस्मोस' नावाची कलाकृती दाखविली. तिची हकिकत आपल्या लोकांनी अवश्य ऐकावी. पाहणाऱ्याच्या डोक्यावर यंत्र आणि अंगावर श्वास व तोल मोजणारे जाकीट चढवीत. हातात काहीही नसे. श्वास आत घेतला की माणूस त्या जगात वर तरंगे, सोडला की हळूहळू खाली उतरे. शरीर ज्या बाजूस झुकवावे त्या बाजूस जाई. एक झाड, वन, तळे, जमिनीखालची मुळे, असा तो प्रवास होता. ही कल्पना डेव्हिसबाईंना पाण्याखाली पोहण्याच्या अनुभवावरून सुचली होती. पाऊल न उचलता, हात न फिरविता, एका जागी उभे राहून केलेला हा प्रवास! प्राणायाम ज्यांच्या घरात आजोबांपासून चालत आला आहे, त्यांना यात नवल वाटेल आणि वाटणारही नाही.

पुढे १९९७ साली युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने येथे आपली शाखा उघडली. सेंट लॉरेंट रस्त्यावरील ज्या जुन्या इमारतीत तिने बस्तान बसविले, तेथे एके काळी कपडे तयार होत. आज मॉन्ट्रियल हे खेळ तयार करणाऱ्या जगातील मोठ्या शहरांपैकी एक समजले जाते. २०१३ साली फेलिक्स लाझनेस आणि पॉल राफाएल या दोघांनी आभासी चित्रपटांसाठी आपली संस्था काढली. २०१४ साली त्यांनी एक छोटी चित्रफीत केली. तीत पॅट्रिक वॉटसन हा मॉन्ट्रियलचा गायक आपल्या खोलीत पियानोपाशी बसून गातो आणि पाहणारा जणू त्याच खोलीत एका बाजूला बसलेला असतो. पुढे याच मंडळींनी अंतराळ स्थानकातील अंतराळवीरांचे जीवन त्यांच्याच हातून टिपवून घेतले. अंतराळ स्थानक म्हणजे तरी काय, अडचणीत राहणाऱ्या माणसांचे घरच!

हे सर्व सांगण्याचे कारण एवढेच, की या विद्येला मोठी जागा लागतेच असे नाही. मोठी जागा लागते ती विशिष्ट खेळांना. कोणता खेळ कोणत्या जागेचा, हे आधी ठरवावे लागते.

मोजपट्टी काय सांगते

यंत्र बनविणाऱ्या कंपन्या सांगतात, की खोलीत फिरून खेळावयाचे असल्यास साधारण दोन मीटर रुंद आणि दोन मीटर लांब, म्हणजे सुमारे साडेसहा फुटांचा चौरस, पूर्ण रिकामा हवा. भावाची बैठक दहा फूट बाय बारा फूट. त्यातून सोफा, दूरदर्शन संच, देव्हारा, आईची खुर्ची आणि भिंतीलगतचा उष्णतेचा पट्टा वजा जाता मधे उरले जेमतेम पाच फूट बाय सात फूट, आणि त्यातूनच आईची वाट. गणित चुकलेले होते ते येथे.

आम्ही सर्वांनी मिळून पुढीलप्रमाणे व्यवस्था लावली. ज्यांच्या घरी असे यंत्र आले आहे किंवा येणार आहे, त्यांना ती उपयोगी पडेल. आपल्या कात्र-बोर्न किंवा वाक्वाच्या घरांतही बैठकी काही फार मोठ्या नसतात.

पहिली गोष्ट, वाट आधी आणि खेळ नंतर. आईची खुर्ची स्वयंपाकघराच्या दाराजवळ हलविली. आता तिला खोली ओलांडावी लागत नाही.

दुसरी गोष्ट, हद्द. यंत्र चालू करताना खेळण्याची सीमा आखावयाची असते. खेळणारा तिच्याजवळ गेला की डोळ्यांपुढे जाळी उमटते. पण ही हद्द आखतेवेळी खोलीत जे होते त्यावरूनच ठरते. नंतर कोणी माणूस आत आला तर जाळीला त्याचा पत्ता नसतो. आत आलेली वस्तू दाखविण्याची सोय काही यंत्रांत असते. ती चालू आहे की नाही हे पाहून घ्यावे. लहान जागेत 'एका जागी' हा पर्याय निवडावा, म्हणजे हद्द आपल्याभोवतीच्या लहान वर्तुळापुरती राहते. हद्द भिंतीला चिकटवून कधीही आखू नये. पायाला जी जागा पुरते ती पसरलेल्या हाताला पुरत नाही.

तिसरी गोष्ट, पायांना डोळे द्यावेत. मधोमध एक लहान गोल चटई अंथरली. अनवाणी किंवा मोजे घातलेल्या पायाला चटईची कड लागली की आपण सरकलो हे डोळे झाकलेले असतानाही कळते. चटई खालून न घसरणारी हवी. हे पाहून आई म्हणाली, "आमच्या वेळी गणपतीत झाकडी धरायचो तेव्हा खोली याहून लहान असायची. मधे ढोलकीवाला, भोवती आम्ही. कोणाचा हात कोणाला लागत नसे, कारण पाय रिंगण सोडत नव्हते." झाकडीचा धडा असा मॉन्ट्रियलला कामी आला.

चौथी गोष्ट, वर आणि खाली पाहावे. डोक्यावर टांगलेला दिवा किंवा पंखा उंचावलेल्या हाताला लागतो. खाली शेजारी राहतात; लाकडी जमिनीवर उड्या मारावयाचे खेळ रात्री आठनंतर बंद. हातातील नियंत्रकाची दोरी मनगटात अडकविल्याशिवाय खेळ सुरू करावयाचा नाही, नाही तर तो सुटून दूरदर्शनच्या काचेवर जातो.

पाचवी गोष्ट, उजेड. यंत्राला खोली दिसावी लागते, म्हणून काळोख नको. पण त्याच्या आतील भिंगांवर थेट ऊन पडू देऊ नये. भिंगातून एकवटलेले ऊन आतील पडदा जाळते. कागदावर भिंग धरून तो जाळण्याचा खेळ आपण सर्वांनीच लहानपणी केला आहे. खेळ संपला की यंत्र खिडकीत न ठेवता कपाटात ठेवावे.

सहावी गोष्ट, खेळाची निवड. ज्या खेळात चालल्याचा भास होतो पण शरीर उभेच असते, त्यात पुष्कळांना मळमळते. कारण डोळे सांगतात 'चाललो' आणि कानाच्या आतील तोल सांभाळणारे इंद्रिय सांगते 'जागेवरच आहे'. आम्हाला स्वतःला चार मिनिटांत घाम फुटला आणि खुर्ची धरावी लागली. अशा वेळी हट्टाने पुढे खेळू नये, ताबडतोब थांबावे. चालण्याऐवजी एका जागेहून दुसऱ्या जागी एकदम पोहोचविणारा पर्याय असेल तर तो घ्यावा. अडचणीच्या जागेसाठी तुकडे जोडून चित्र पूर्ण करण्याचे, बसून खेळावयाचे किंवा हात कोपरापाशी ठेवून खेळावयाचे खेळ उत्तम. तलवारींचा खेळही चटईवर उभे राहून चालतो, मात्र बसलेले कोणी हाताच्या पल्ल्यात नको.

सातवी गोष्ट, वय आणि वेळ. फार लहान मुलांसाठी हे यंत्र नाही. एका मोठ्या कंपनीची वयोमर्यादा तेरा होती. २०२३ साली ती पालकांच्या देखरेखीखाली दहा करण्यात आली. कंपनी काही म्हणो, आपल्या मुलाला आपण ओळखतो. भावाच्या घरी एका वेळी वीस मिनिटे ठरली.

आजी पहाऱ्यावर

एवढे झाले तरी एक प्रश्न उरला होता आणि तोच आम्हाला अधिक बोचत होता. चार खोल्यांत पाच माणसे, आणि त्यातला एक तोंड झाकून कोठल्या तरी दुसऱ्याच जगात. धक्का लागण्याचे भय मोजपट्टीने घालविले, पण घरात असून घरात नसण्याचे काय करावयाचे?

आम्ही आईला म्हटले, तूही एकदा घालून पाहा. तिने साफ नकार दिला. "माझे डोळे मला पुरतात. तोच काय पाहतो ते मला सांगू दे." मुलाने मग यंत्रातील दृश्य दूरदर्शनच्या पडद्यावर लावून दिले, तशी सोय असते. आजी खुर्चीत, नातू चटईवर. तो जे पाहतो ते तिलाही दिसू लागले. तिने स्वतःहून पहारा पत्करला. कोणी खोलीत आले की ती मोठ्याने म्हणे, "थांब!" आणि तो हात खाली घेई. कानांवरचा आवाज त्याने तिची हाक ऐकू येईल इतका कमी केला. हा नियम आम्ही कोणी घातला नव्हता.

आणखी एक गोष्ट झाली. बेटावरील आमच्या थोरल्या भावाच्या मुलाकडेही असे यंत्र आहे. 'वॉकअबाऊट मिनी गोल्फ' हा २०२० साली आलेला खेळ दूरदूरची माणसे एकत्र खेळू शकतात आणि बोलू शकतात. चेंडू हलकेच टोलवावयाचा, चालावयाचे नाही. चेंडूपाशी यंत्रच नेऊन सोडते. पाच फुटांत उत्तम मावणारा खेळ. हिवाळ्यात मॉन्ट्रियल आपल्या नऊ तास मागे असते. रविवारी तेथे सकाळचे दहा वाजले की आपल्याकडे संध्याकाळचे सात. त्या वेळी दोघे चुलतभाऊ जमू लागले. मॉन्ट्रियलचा मुलगा पडद्यावरील भेटीत 'बोंझूर' म्हणून पळ काढणारा. पण खेळताना हरला की तो क्रेओलमध्ये भांडे, आणि आजी मधे बोलली की दोघेही मराठीत उत्तर देत. मराठी मोडकी, पण उत्तर पुरे. तिसऱ्या रविवारी आई दोघांचे गुण वहीत लिहू लागली. ती वही देव्हाऱ्याशेजारी असते.

निघण्याच्या आदल्या रात्री आम्ही भावाला विचारले, विकणार का? तो म्हणाला, "ताई, विकले तर आईचा रविवार जाईल."

वाचकहो, या यंत्राची आम्ही भलावण करीत नाही. ते महाग आहे, आणि ज्या घरात अंगण आहे व ऊन आहे त्या घरातील मुलाने अंगणात जावे हेच बरे. पण आपली मुले-नातवंडे जेथे राहावयास गेली आहेत तेथे अंगण साडेचार खोल्यांतच करावे लागते, आणि असे यंत्र आज ना उद्या त्या घरात येणारच. तेव्हा पुढच्या वेळी परदेशातील घराशी बोलताना एवढे विचारा: मूल खेळते ती जागा किती फुटांची, तेथून कोणाची वाट जाते आणि त्याच्याजवळ बसते कोण? पहिल्या दोन प्रश्नांना मोजपट्टी पुरते. तिसऱ्यासाठी घरात एक खुर्ची लागते आणि तिच्यावर बसणारे माणूस.